स्ट्रक्टचे फील्ड: साइझने लावायचे की वापराने?

सी भाषेच्या स्ट्रक्टमध्ये (अनेक फील्ड एकत्र बांधणारा टाइप) कॅर (char, १ बाइट; चार म्हटलं की आकडा वाटतो म्हणून कॅर), मग लाँग (long, ८ बाइट), मग परत कॅर, असं लिहिलं की ६४-बिट लिनक्सवर २४ बाइट जातात, लाँग वर नेला की तेच १६ मध्ये बसतं, पॅडिंग (कंपायलरने सोडलेली रिकामी जागा) उडालं ना मधलं.

वापराने लावलं तर सोबत लागणारे फील्ड एकाच कॅश लाइनमध्ये (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) येतात, आणि वाचणाऱ्यालाही बरं पडतं. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची कोड लिहायची स्टाइल आधी वापर, मग साइझ, मग अक्षरक्रम सांगते. मला तो क्रम पटतो, पण लाखो ऑब्जेक्ट असतील तर मी सरळ साइझ बघतो, पाहोल हे टूल चालवलं की पॅडिंगची भोकं दिसतातच.

टॅबने फील्डची नावं एका रेषेत लावणं छान दिसतं, पण एक लांब टाइप आला की सगळ्या ओळी सरकवाव्या लागतात आणि डिफ (बदललेल्या ओळींची यादी) अख्खा रंगतो.

आणि हेडर (स्ट्रक्ट जिथे लिहिलंय ती फाइल) एकदा बाहेर दुसऱ्यांकडे गेलं की क्रमाला हात लावायचा नाही, जुन्या क्रमाने कंपाइल झालेली बायनरी भलताच ऑफसेट (फील्डची जागा) वाचत बसते.