कोकणातल्या पावसाला कुठला प्रोजेक्टर दिवा: पूर्ण सीलबंद की व्हेंटवाला?

दुचाकीच्या छोट्या प्रोजेक्टर फॉग लॅम्पची, म्हणजे भिंगातून झोत टाकणाऱ्या धुक्यातल्या दिव्याची, खरी परीक्षा आंबोली घाटात होते. सीलबंद दिवा कागदावर भक्कम दिसतो. त्यावरचं आयपी६७ हे धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकणारा. पण घाटात दिवा बुडत नाही, तापलेला असताना त्यावर गार पाऊस कोसळतो. आतली हवा ७० अंशांवरून २५ वर आली की दाब सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. गॅस्केट (सांधा बंद करणारी रबरी पट्टी) जरा जरी सैल असेल तर ओल आत ओढली जाते आणि तिला बाहेर पडायला वाटच नसते. मग भिंगाला आतून दव धरतं, उजेडाची वरची सरळ कड विस्कटते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. धुक्यात हे फार वाईट.

व्हेंटवाल्यात मागे हवेसाठी बारीक छिद्र, म्हणजे व्हेंट, आणि त्यावर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) पातळ पडदा असतो. वाफ त्यातून जाते, थेंब अडतो, दाब सारखा राहतो. चिखलाने मात्र तो बुजतो, म्हणून व्हेंट पाठीमागे, आडोशाला हवं. प्रेशर वॉशरचा झोतही तिथे नको.

मालवण-वेंगुर्ल्याची खारी हवा दोघांनाही खाते. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. माझ्या मते दुचाकीला व्हेंटवालाच बरा.