वर्षाचं धान्य एकदम भरलं, त्याला दहा महिने झाले

मागच्या एप्रिलमध्ये पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून धान्य आणलं. आम्ही चार माणसं. सिहोर गव्हाचे 30 किलोचे तीन कट्टे, कोलम तांदळाच्या 26 किलोच्या दोन गोण्या, 20 किलो तूरडाळ, 5 किलो हिरवे मूग आणि तेलाचा डबा. गोणी 26 किलोचीच का, हे तिथेच कळलं. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, त्याच्या वर नाही.

गहू कोठीत भरायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. गच्चीत दोन दिवस ऊन दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लगेच भरायला लागले, तर म्हणाल्या, "अगं, गार होऊ दे आधी. गरम भरलास तर आत घाम सुटेल." रात्रभर चादरीवर पसरून ठेवला, सकाळी थर देत भरला, मधेमधे वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकला. तूरडाळीला दहा किलोमागे चार-पाच चमचे एरंडेल, तळहाताने चोळून. डाळ हाताला नुसती तुकतुकीत लागायला हवी, ओली नाही. शिजवण्याआधी गरम पाण्याने धुवायची. आता तळाशी दहा किलो गहू उरलाय, त्यात एक टोका नाही.

मूग मात्र फसले. त्यांना एरंडेल लावायचा आळस केला. ऑगस्टमध्ये डबा उघडला तर दाण्यादाण्याला गोल भोक, तळाशी पिठाचा थर आणि झाकणावर भुंगे. निम्मे टाकून दिले. अख्ख्या कडधान्याला भुंगा आधी धरतो, डाळीला त्या मानाने कमी, हे आधी माहीत असतं तर मुगाची डाळच घेतली असती.

तेलाचा अनुभव सगळ्यात वाईट, आणि चूक आमचीच. घेताना डबा 15 किलोचा की 15 लिटरचा हे पाहिलंच नाही. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे 15 लिटरचा डबा जेमतेम साडेतेरा किलोंचा. त्यात हात सैल सुटला. पिशवीतलं तेल संपत आलं की आपण जपून वापरतो, डबा भरलेला दिसला की भजी आठवतात. पाच महिने जायला हवा होता, साडेतीनच गेला.

हिशेब असा: किराणा दुकानाच्या मानाने गव्हात किलोमागे 5, तांदळात 8 आणि तूरडाळीत 20 रुपये वाचले, मिळून 1,266. टेंपो तीन घरांत वाटला, आमच्या वाट्याला 150. एरंडेल 100, मुगाचं नुकसान अडीचशे. हाती राहिले 766, तेलातलं नुकसान धरलं नाही तर. शिवाय कोठी सासूबाईंच्या लग्नातली. नवी घ्यावी लागली असती तर पहिल्या वर्षाची बचत कोठीतच गेली असती.

येत्या एप्रिलला गहू, तांदूळ, तूरडाळ तेवढीच, मूग महिन्याला एक किलो, तेल पिशवीतलंच. टेंपोला चौथं घर मिळतंय. वरच्या मजल्यावरच्या काकू तयार आहेत, फक्त त्यांना सिहोर नाही, लोकवन गहूच हवाय, आणि त्यावरून त्यांची नि सासूबाईंची आत्तापासूनच जुंपली आहे.