‘औदुंबर’ की ‘पिपांत मेले’: रसग्रहणासाठी कोणती घ्याल?

एक जुनी आणि एक नवी कविता समोर ठेवून त्यातली एक निवडायची म्हटलं, की मराठीत ही जोडी हमखास पुढे येते. बालकवींची ‘औदुंबर’ आणि मर्ढेकरांची ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. वाचनकट्ट्यावर कुणाला अर्धा तास मिळालेला असतो, कुणाला एम.ए.च्या प्रकल्पासाठी एकच कविता घ्यायची असते. माझं मत आधीच सांगते: पहिल्यांदा रसग्रहण करणार असाल तर ‘औदुंबर’ घ्या. ती सोपी आहे म्हणून मुळीच नाही.

दोघांचाही जन्म खानदेशातला. बालकवी धरणगावचे, जन्म १८९०. मर्ढेकर जन्मले फैजपूरला, १९०९ साली. बालकवी १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७चा. चरित्राला एवढा वेळ पुरे, कारण खरी गंमत ओळींमध्ये आहे.

तुलना करताना बहुतेक जण म्हणतात की जुनी कविता वृत्तात असते आणि नवी वृत्त मोडते. या जोडीला ते लागूच होत नाही. बोटांवर मात्रा मोजून बघा, लघू अक्षराची एक, गुरूची दोन. ‘ऐल तटावर’ आठ, ‘पैल तटावर’ आठ. आता ‘पिपांत मेले’ आठ, ‘ओल्या उंदिर’ आठ. चाल तीच! फरक एवढाच, की बालकवींच्या ओळीला सोळा मात्रांनंतर दहा-अकरा मात्रांची एक शेपटी आहे आणि मर्ढेकरांची ओळ सोळावर तोडलेली आहे.

ही शेपटी काय करते ते पाहायचं तर ‘औदुंबर’च्या आठ ओळींची फक्त टोकं सलग वाचा: हिरवाळी घेउन, बेटाबेटांतुन, पैल टेकडीकडे, हिरवी गर्दी पुढे, अडवी तिडवी पडे, काळ्या डोहाकडे, पसरी लाटांवर, असला औदुंबर. हिरव्यापासून काळ्यापर्यंतची सगळी वाट या टोकांमधूनच जाते. प्रत्येक ओळ शेवटी जरा टेकते, श्वास घेते, मग पुढची सुरू होते. मर्ढेकरांकडे हा विसावा नाही. ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’ या ओळींत सक्तीचा जो दट्ट्या जाणवतो, तो अर्थाइतकाच त्या आठ-आठच्या ठोक्यातूनही येतो. त्यांनी समीक्षेत लयीचा एवढा विचार का केला असेल, ते इथे कळतं.

अर्थाकडे वळलं की निवडीचा प्रश्न अवघड होतो. ‘पिपांत मेले’वर बोलायला मुद्दे तयार मिळतात: महायुद्ध, शहर, यंत्रयुग, माणसाचं उंदरासारखं जगणं. ते चूक नाहीत. पण ते इतके तयार आहेत की वाचणारा ओळीकडे न बघताच बोलायला लागतो. पहिल्याच ओळीत किती जण फसतात ते मी पाहिलंय. ‘ओले उंदीर मेले’ असा अर्थ लावतात. नीट बघा, शब्द ‘ओल्या’ आहे. तो उंदरांचं विशेषण नव्हे, पिपाचं आहे: ओल्या पिपांत. विशेषण आपल्या नामापासून तुटून क्रियापदाच्या पलीकडे जाऊन पडलंय. पुढे ओठांवर ओठ मिळतात तेही ‘आसक्तीविण’. शृंगाराचे शब्द आहेत, शृंगार नाही. शेवटाकडे मधाळ पोळं येतं, तेही ‘बेकलाइटी’. त्या काळी रेडिओची पेटी, विजेची बटणं ज्याची बनत ते हे बेकलाइट. मर्ढेकर स्वतः आकाशवाणीत नोकरीला होते. आणि सगळ्यात शेवटी उंदीर ‘न्हाले! न्हाले!’. हे नहाण सणाचं की प्रेताचं, यावर कट्ट्यावर तासभर वाद रंगतो. म्हणून चर्चा घडवायची असेल, समोर बोलके लोक असतील, तर हीच कविता न्या. शाळकरी मुलांसमोर मात्र विचार करा. ‘गात्रलिंग’ शब्दावर वर्ग अडकून बसतो आणि कविता बाजूला राहते. ‘काही कविता’ या संग्रहावर अश्लीलतेचा खटलाही झाला होता. मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले.

‘औदुंबर’ला असे तयार मुद्दे फारसे नाहीत. ‘निसर्गकवी’ हे एकच लेबल आहे आणि ते चिकटवलं की दोन मिनिटांत बोलणं संपतं. म्हणूनच ती निवडा म्हणते, कारण मग ओळीच वाचाव्या लागतात. चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, पण सबंध कवितेत माणूस एकही नाही. पायवाट आहे, तर ती गावाकडे जायला हवी. बालकवी मात्र ती ‘काळ्या डोहाकडे’ नेतात. तिथला काळिमा ‘गोड’ आहे. ऐल आणि पैल हे शब्द तर संतांच्या वाणीतून आपल्या कानात आधीच मुरलेले. मग हे साधं निसर्गचित्र राहतं का? मला नाही वाटत. पण उलट बाजूने, औदुंबर म्हणजे विरक्त योगी असं ठासून सांगणंही मला पटत नाही. कवितेत तसं कुठेच म्हटलेलं नाही. झऱ्यापासून पायवाटेपर्यंत जे जे चालत होतं, ते ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’ या शेवटच्या ओळीत ‘बसला’पाशी थांबतं, एवढं मात्र डोळ्यांना स्पष्ट दिसतं.

मोठ्याने म्हणायची असेल तर दोन्हींत एकच धोका आहे: आठ मात्रांचा झोका लागला की पाढे म्हटल्यासारखं होतं. ‘पिपांत मेले’ तर फारच पटकन घसरते. ती सावकाश आणि जवळजवळ सपाट म्हणावी. ‘औदुंबर’ म्हणताना शेवटच्या ओळीत ‘बसला’नंतर क्षणभर थांबा. सोळा मात्रा तिथेच पूर्ण होतात. मग ‘असला’ हा शब्द वेगळा उच्चारून पाहा. असला म्हणजे कसला, हे बालकवींनी सांगितलेलं नाही. तुमच्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं त्या एका शब्दाला द्या.