नवी पेठेतलं जुन्या गेमांचं दुकान: पाचपैकी चार

पाटीवर नुसतं ‘मोबाईल रिपेअरिंग’ लिहिलंय, त्यामुळे पहिल्यांदा येणारा हमखास पुढे निघून जातो. सोलापूरच्या नवी पेठेच्या गर्दीतून आत बोळात वळायचं. काउंटरवर पोट फाडून ठेवलेले मोबाईल दिसले आणि मागच्या भिंतीला निळ्या डब्यांची रांग दिसली, की समजायचं पोचलो. दुकानाचे मालक अण्णा. साठी ओलांडलेली, फोनवर घरच्यांशी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि डिस्क खराब निघाली तर स्वतःशीच कानडीत काहीतरी पुटपुटतात.

पद्धत सोपी आहे. साधारण १,४०० रुपयांना पीएस फोरची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन फोर ह्या गेमच्या मशीनची, डिस्क न्यायची. महिन्याच्या आत परत आणली तर ३०० कापून १,१०० हातात. उशीर झाला तर दर महिन्याला आणखी शंभर कापतात. पावती नाही, सगळा कारभार लाल कापडी बांधणीच्या वहीत. मी स्वतः चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे ही वही बघून पहिल्यांदा अंगावर काटाच आला होता. पण पाच वर्षांत एकदाही आकडा चुकलेला नाही. मागच्या वर्षी मी अकरा गेम खेळलो, खर्च ४,१०० रुपये. पीएस फाईव्हच्या एका नव्याकोऱ्या मोठ्या गेमवर ४,९९९ची एमआरपी असते. बायको ह्याला माझी भिशी म्हणते. म्हणू दे.

डिस्क घेताना अण्णा ती ट्यूबलाईटखाली तिरकी धरतात आणि हळूहळू फिरवतात. बारीक केसासारखी रेघ असली तर सोडून देतात, नख अडकलं तर परत. एकदा मी एक डिस्क नेली होती, तिच्यावर बोटांचे ठसे होते. मी शर्टाच्या टोकानं गोल गोल पुसायला लागलो तर हातातून ओढूनच घेतली.

“भांडं हाय का बे ते? मधून बाहेर पुसायचं, सरळ.”

मग सांगितलं, की जुन्या डीव्हीडीला ओरखडा पडला तर मशीनवर घासून चालू करता यायची, कारण तिचा डेटा वरच्या थरापासून ०.६ मिलिमीटर खोल असायचा. आताचे गेम ब्लू-रे डिस्कवर येतात, तिचा फक्त ०.१ मिलिमीटर. घासलं की गेलाच. म्हणून अण्णांकडचं घासायचं मशीन नुसतं पडून आहे आणि त्याच्यावर आता चार्जरचा ढीग असतो. हे सगळं ते काहीही विकत नसताना, चहा पीत सांगतात. दुकानाचा खरा माल हाच आहे असं मला वाटतं.

आता तक्रार. मागच्या मे महिन्यात ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ नेला. दुपारची वेळ, डांबर चपलेला चिकटत होतं. जुळे सोलापूरला घरी येऊन डबा उघडला तर आत एकच डिस्क. ह्या गेमला पीएस फोरवर दोन लागतात, एक डेटाची आणि एक खेळायची. डेटाचीच गायब. तिच्याशिवाय गेम बसतच नाही. परत गाडीला किक, परत सात रस्ता, परत नवी पेठ. अण्णांनी वही काढली, आधीच्या माणसाला फोन लावला. त्यानं ती डिस्क दुसऱ्याच कुठल्या गेमच्या डब्यात घालून ठेवली होती आणि तो तीन दिवस पुण्याला होता. मला २०० रुपये परत मिळाले आणि तीन दिवसांसाठी एक क्रिकेटचा गेम फुकट. व्यवहार चोख, पण डबा उघडून मोजून द्यायला काय जात होतं? एक तारा तिथं कापला.

माझ्या एका मित्राला ही सगळी धावपळ वेडेपणा वाटते. २०२१ मध्ये पीएस फाईव्ह आपल्याकडे आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९०ला होता आणि बिनडिस्कचा ३९,९९०ला. त्यानं दहा हजार वाचवले, त्याच आनंदात आम्हाला पार्टीही दिली. आज त्याच्याकडे तीसेक गेम आहेत, सगळे नेटवरून उतरवलेले, अकाउंटमध्ये. विकता येत नाहीत, उसने देता येत नाहीत. एक गेम मागितला तर बिचारा अख्ख्या अकाउंटचा पासवर्ड द्यायला निघाला.

पण डिस्कवाल्यांनीही फार ताठायला नको. अण्णांच्या टेबलावर चहाच्या ग्लासाखाली दोन डिस्क कायम असतात. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा गेम. तो इंटरनेटशिवाय चालायचाच नाही, आणि तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीनं ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद केले. एकही ओरखडा नसलेल्या डिस्क, पण आता ग्लासाखालीच बऱ्या.

लहानपणी ह्याच दुकानातून मी पीएस टूच्या पन्नास रुपयांच्या कॉपी न्यायचो. अण्णाही लपवत नाहीत. “तवा मीच विकायचो की, खोटं कशाला बोलू.” ओरिजिनल घ्यायची ऐपतही नव्हती आणि अक्कलही. पुढे ‘स्टारड्यू व्हॅली’ पण मी आधी चोरूनच खेळलो. मग कळलं की २०१६ मध्ये आलेला तो अख्खा गेम, चित्रं, संगीत, कोड सगळं, एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं चार वर्षं बसून केला. माझे वडील जेकार्ड मागावर चादरी काढायचे. तिथं सूत रंगवणारा वेगळा, बीम भरणारा वेगळा, कांड्या भरणाऱ्या बायका वेगळ्या. हे सगळं एकट्यानं केलं म्हटल्यावर त्या रात्री झोप लागेना. उठून पैसे भरले, पाचशेच्या आतच होता. मोठ्या कंपनीचा गेम चोरून खेळला तर पाप कमी लागतं का, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळीत भाच्यानं ताईच्या मोबाईलवरून एका गेममध्ये २,३०० रुपयांचे कपडे घेतले. कपडे म्हणजे गेममधल्या माणसाचे. ताईनं त्याला बडवायच्या आत मी त्याला घेऊन दुकानात आलो. पोरगं हुशार, बराच वेळ डिस्कची देवघेव बघत बसलं आणि मग अण्णांना मोबाईल दाखवून विचारलं, “आजोबा, हे परत घेतलं तर किती द्याल?”

अण्णांनी चष्मा वर करून नीट बघितलं. सोनेरी जाकीट होतं. “भारी हाय की. पण ठेवू कुठं बे हे? भिंतीला खिळा मारून?”

पोरगं हसलं नाही. येताना एक फुटबॉलचा गेम घेऊन आलं, माझ्या पैशानं अर्थात.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी अकराच्या आधी शटर उघडत नाही. यूपीआय चालतं, पण सुट्टे नेले तर अण्णा खूश. पीएस फाईव्हच्या डिस्क मोजक्याच, त्यासाठी वहीत नंबर लावावा लागतो. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’साठी माझा नंबर तिसरा आहे. पहिले दोघं हे वाचत असतील तर कृपा करून बाजूच्या मोहिमा करत बसू नका, सरळ गोष्ट संपवा आणि डिस्क आणून द्या. पुसायची असली तर मधून बाहेर.