‘डाउनसायझिंग’: पाच इंचांच्या माणसांचा विसर

दिग्दर्शक अलेक्झांडर पेन यांचा २०१७ सालचा ‘डाउनसायझिंग’ हा चित्रपट लावला तेव्हा माझी अपेक्षा मोठी होती आणि साधारण पाऊण तास ती पुरीही झाली. पृथ्वीवरचा भार हलका करण्यासाठी माणसाला पाच इंचांचे करण्याची युक्ती नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांना सापडते. अमेरिकेत मात्र तिचा धंदा होतो, कारण तेवढ्या देहाला तुटपुंजी शिल्लकही कोट्यधीशाचे आयुष्य देऊ शकते. केस, भुवया भादरून आणि दातांत भरलेला मसाला काढून माणसांना यंत्रात सरकवतात, आणि मग परिचारिका खाटेवरचा एकेक चिमुकला देह उलथन्याने थालीपीठ उचलावे तसा अलगद उचलते. हा प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला.

पुढे मात्र घरे, मोटारी, चमचे सगळेच त्या मापाचे असल्यामुळे पडद्यावर लहान-मोठे असे काही उरतच नाही. बायकोने ऐनवेळी कच खाल्ल्याने एकटा पडलेला मॅट डेमन, त्याचा छचोर शेजारी, मोलमजुरी करणारी व्हिएतनामी बंडखोर (हाँग चाऊ यांचे काम उत्तमच आहे) ही मंडळी सहा फुटांची असती तरी कथेत फारसा फरक पडला नसता.

खरी गंमत तर या मापातच होती, पण चित्रपट तिकडे वळतच नाही. उंची चौदापट घटली की वजन सुमारे २,७०० पटींनी घटते, त्वचेचे क्षेत्रफळ मात्र दोनशेच पटींनी; म्हणजे ७५ किलोंचा गृहस्थ जेमतेम २७ ग्रॅमचा होतो आणि अंगातली ऊब टिकवण्यासाठी त्याला चिचुंद्रीसारखे सतत खात राहावे लागेल. भिजलेल्या उंदराच्या अंगावर जवळपास त्याच्याच वजनाइतके पाणी असते, असे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ सालीच लिहून ठेवले आहे. तेव्हा या लोकांची साधी अंघोळ दाखवली असती तरी एक झकास प्रसंग हाती लागला असता.

जॅक आर्नल्ड यांच्या १९५७ सालच्या ‘द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन’कडे आजची तंत्रे नव्हती, पण त्यातला नायक सतत आक्रसत असल्यामुळे कालची ओळखीची वस्तू आज परकी होते, आणि तळघरात केकच्या शिळ्या तुकड्यासाठी टाचणी घेऊन तो कोळ्याशी झुंजतो तेव्हा आपलाही हात आखडतो. ‘डाउनसायझिंग’ सव्वादोन तासांचा आहे. उलथन्यापर्यंत जरूर पाहावा.