कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजांवरचा पंचलाइनर कॉमेडी क्लब: आधी कुठला खेळ बघावा?

वेगळं तिकीट नाही, ही पंचलाइनरची मोठी सोय. पण जागा राखून ठेवता येत नाही, त्यामुळे रात्रीच्या खेळाला अर्धा तास आधी पोचा. ऐन वेळी गेलात तर मागे भिंतीला टेकून उभं राहायची तयारी ठेवा.

संध्याकाळचा खेळ सहकुटुंब बघण्याजोगा, उशिराचा फक्त 18 वर्षांवरच्यांसाठी. प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा. म्हणजे कलाकाराकडे दोन वेगळे पूर्ण खेळ तयार लागतात. त्यातला स्वच्छ खेळ खरा अवघड: शिवी गेली की विनोदाला आधार फक्त मांडणीचा आणि वेळ साधण्याचा. म्हणून कलाकार पारखायचा तर आधी संध्याकाळी जा. तिथे हसलात तर रात्रीचा अजिबात चुकवू नका.

शहरातल्या क्लबात खेळ पडला तर प्रेक्षक घरी जातात. इथे तेच लोक सकाळी न्याहारीच्या रांगेत शेजारी उभे असतात. म्हणून पुढच्या रांगेची फिरकी घेतली तरी ती सहसा बोचरी नसते, आणि आम्हाला ते आवडतं.

समुद्र खवळलेला असेल तर कलाकाराचे पाय बघा. किंचित फाकलेले, गुडघे सैल, एक हात माइकच्या स्टँडवर. तोल सांभाळताना बोलण्याची लय मोडते, आणि लय मोडली की हशा निसटतो.

लांबच्या सफरीत कलाकार मध्येच बदलतात. कार्निव्हलच्या हब ॲपवर रोजचं वेळापत्रक बघत राहा.