दार तीन मीटरचं आहे का? मोटरहोम ठेवायला फ्रान्समधलं स्वस्त खेडेघर: एक परीक्षण

जाहिरातीत दगडी घर, दारात गवत वाढलेलं, बाजूला मोठा गोठा आणि खाली किंमत वीस हजार युरो. हिशेबाला युरो शंभर रुपयांचा धरला तर वीस लाख. एवढ्यात कोल्हापुरात उपनगरातसुद्धा धड फ्लॅट मिळत नाही, म्हणून माणूस भुलतो. जून ते ऑगस्ट, म्हणजे इकडं पंचगंगा पात्राबाहेर असते ते दिवस युरोपात मोटरहोममधून, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून फिरायचं, गाडी तिथंच सोडून गणपतीला घरी यायचं आणि उरलेले नऊ महिने गाडी त्या गोठ्यात उभी, असा बेत. बेत वाईट नाही. पण तो घराच्या किमतीवर ठरत नाही, गोठ्याच्या दारावर आणि जमिनीच्या वर्गवारीवर ठरतो.

इथं मुख्यतः फ्रान्सच्या मध्यावरच्या क्रूझ जिल्ह्यातल्या घरांबद्दल लिहिलंय. वस्ती विरळ, तरुण शहरात गेलेले, त्यामुळं पंधरा ते तीस हजार युरोत दुरुस्तीचं घर मिळतं, आणि परदेशी माणसाला घेण्यावर बंदी नाही.

आधी गोठा. तिकडं त्याला ‘ग्रांज’ म्हणतात. रचना आपल्या जुन्या गोठ्यासारखीच: एका अंगाला जनावरं, वर वैरणीचा माळा, आणि भरलेली गवताची गाडी आत घेता यावी म्हणून मोठं दार. दार बघून गिऱ्हाईक खूश होतं आणि तिथंच फसतं. दार साडेतीन मीटर उंच असतं, पण आत दोन पावलांवर माळ्याची तुळई २.४ मीटरवर आलेली असते. फियाट डुकाटो या मालवाहू गाडीवर बांधलेली साधी व्हॅन सुमारे २.६ मीटर उंच असते, लो-प्रोफाइल (केबिनवर पलंग नसलेली) मोटरहोम २.८ ते २.९, आणि केबिनवर पलंग असलेली ३.१ मीटरपर्यंत. छतावर एसी असला तर आणखी पंधरा-वीस सेंटीमीटर. बॉडीची रुंदी २.३ मीटर, आरसे धरून २.७ च्या आसपास. म्हणून दाराची मोकळी उंची तीन मीटर आणि रुंदी तीन मीटर याच्या खाली काही बघूच नये; केबिनवर पलंग किंवा छतावर एसी असेल तर उंची आणखी लागते.

दलालाकडून फोटो मागवताना ‘मोठं दार’ या शब्दावर समाधान मानू नका. टेप लावलेले फोटो मागा: उंबऱ्यापासून चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत, जमिनीपासून सर्वांत खालच्या तुळईपर्यंत, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. सात मीटरच्या गाडीला आत आठ मीटर लांबी हवी, नाहीतर मागचं दार उघडत नाही. दारासमोरचा उतारही विचारा. अंगणातून गोठ्यात उतरण असेल तर पुढची चाकं आत सपाटीवर आणि मागची अजून उतारावर अशा क्षणी गाडी खळग्यावर पूल टाकल्यासारखी उभी राहते. चार मीटर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आणि दहा टक्के उतार धरला तर छत चौकटीखाली सुमारे दहा सेंटीमीटर जास्त उंच येतं. दाराखालून जाईल असं कागदावर दिसणारी गाडी इथंच घासते. उलट चढण असेल तर मागचा लोंबता भाग रस्त्याला टेकतो. आणि गोठ्यातली शेणामुताची नाली विसरू नका. बहुतेक वेळा ती बरोबर चाकाच्या रेषेत येते. ती काँक्रीटनं बुजवायची, नाहीतर जाड फळ्या टाकायच्या.

आता कायदा. मोकळ्या जमिनीचे तुकडे तिकडं तीन ते आठ हजार युरोला दिसतात आणि खाली ‘मोटरहोमसाठी उत्तम’ असं लिहिलेलं असतं. हा माल घेऊ नका. फ्रान्सच्या नगररचना कायद्यात मोटरहोम म्हणजे कॅराव्हॅनच (गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर), आणि मोकळ्या जमिनीवर ती वर्षात एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त उभी करायची तर नगरपालिकेकडं आगाऊ अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. सलग तीन महिने नव्हे, तुकड्या-तुकड्यानं धरलेलेही मोजतात. काही गावांच्या विकास आराखड्यात कॅराव्हॅनला सरसकट मनाई असते. शिवाय शेतजमीन असेल तर ‘सॅफेर’ ही शेतजमिनीचे व्यवहार बघणारी संस्था दोन महिन्यांत आपला अग्रहक्क वापरून तीच जमीन स्वतः घेऊ शकते. आपल्याकडं गुंठ्यातला प्लॉट घेऊन नंतर एनए होतंय का बघत बसणाऱ्यांची जी गत होते, तीच.

राहतं घर असेल तर गोष्ट वेगळी. ज्या आवारात वापरणाऱ्याचं घर आहे तिथं, किंवा इमारतीच्या आत, मोटरहोम ठेवून देता येते. ठेवता येते, त्यात कायम राहता येत नाही. आणि ‘घर’ म्हणजे छप्पर, वीज, पाणी असलेलं घर. तीन भिंती आणि एक अंजिराचं झाड उरलेल्या पडक्यावर हा आधार टिकत नाही. म्हणजे या सगळ्या बाजारात मोटरहोमवाल्याच्या कामाचा माल एकच: राहण्याजोगं लहान घर आणि त्याला लागून उंच दाराचा ग्रांज.

खरेदीची रीत आपल्यापेक्षा सरळ आहे. नोतेर हा सरकारनं नेमलेला अधिकारी. सातबारा, सर्च रिपोर्ट, स्टॅम्प ड्युटी आणि दस्तनोंदणी असं सगळं तोच बघतो. आधी प्राथमिक करार होतो. त्यावर खरेदीदाराला दहा दिवसांत कारण न देता माघार घेता येते. पाच ते दहा टक्के अनामत नोतेरच्या खात्यात जाते आणि अंतिम दस्त साधारण तीन महिन्यांनी होतो. करारासोबत तपासणी अहवालांचा गठ्ठा येतो. १९४९ पूर्वीच्या घराला रंगातल्या शिशाचा, जुलै १९९७ पूर्वी परवानगी मिळालेल्याला ॲस्बेस्टॉसचा. पण तुमचा खिसा कापणारा अहवाल मैलाटाकीचा (सेप्टिक टँकचा). घर गावच्या गटाराला जोडलेलं नसेल तर हा अहवाल तीन वर्षांच्या आतला हवा. त्यात ‘नियमाप्रमाणे नाही’ असा शेरा असेल तर खरेदीनंतर एका वर्षात दुरुस्ती तुम्हाला करावी लागते, आणि नवी टाकी आठ ते बारा हजार युरोला पडते. वीस हजारांचं घर तिथंच तीस हजारांचं होतं. भाव पाडून मागायची जागा हीच, आणि ती करारावर सही करण्याआधी.

नोतेरचा खर्च सात-आठ टक्के असं सगळीकडं सांगतात. ते महाग घरांचं गणित. स्वस्त घरात कागदपत्रांचा ठरावीक खर्च अंगावर येतो आणि वीस हजारांच्या घराला हा आकडा अडीच हजार युरोच्या पुढं, म्हणजे तेरा टक्क्यांच्या घरात जातो. स्वतः जाता येत नसेल तर नोतेरच्या नमुन्यातलं कुलमुखत्यारपत्र करून त्यावर परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं प्रमाणीकरण) घ्यावं लागतं. पैसे पाठवताना एक खूण लक्षात ठेवा. नोतेरचं खातं ‘केस दे देपो’ या सरकारी वित्तसंस्थेत असतं, म्हणून आयबॅनमध्ये (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकात) देशाची दोन अक्षरं आणि दोन आकडे झाले की पुढं ४००३१ यायला हवं. ‘खातं बदललंय’ असा मेल आला तर पैसे थांबवून कार्यालयात फोन करायचा, आणि नंबर त्या मेलमधला घ्यायचा नाही.

इकडच्या बाजूला रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची एलआरएस योजना लागू होते: माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. बँकेत पॅन आणि ए-टू फॉर्म द्यायचा. या कामासाठी बँक कर्ज देत नाही, पैसा स्वतःचा लागतो. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. घर आणि नोतेर मिळून २२ लाख ६० हजार धरले आणि एकाच्याच नावानं पाठवले, तर २ लाख ५२ हजार कापले जातात. नवरा-बायको दोघांच्या नावानं घर घेऊन निम्मे-निम्मे पाठवले तर प्रत्येकी २६ हजार. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो. खरा धोका पुढं आहे. हे घर दरवर्षी विवरणपत्राच्या ‘एफए’ (परदेशी मालमत्ता) परिशिष्टात दाखवावंच लागतं. नाही दाखवलं तर काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो, आणि वीस लाखांपर्यंतची जी सूट नंतर दिली गेली ती स्थावर मालमत्तेला नाही. सीएला घराचे कागद फाइलमध्ये ठेवायला आधीच द्या. मार्चअखेरीस आठवण होत नाही.

घर घेतलं म्हणून फ्रान्समध्ये राहायचा हक्क मिळत नाही. शेंगेनचा, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांचा, नियम तोच: कुठल्याही १८० दिवसांत ९०. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे घेणारी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळं शिक्का पुसट आहे वगैरे सबबी संपल्या. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे एप्रिल २०२४ पासून भारतीयांना, आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील तर, दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळायची सोय आहे. आपल्या बेताला तो पुरतो, फक्त पुरे जून ते ऑगस्ट ९२ दिवस होतात, तेव्हा दोन दिवस कमी धरा.

गाडीच्या नोंदणीला फ्रान्समधल्या पत्त्याचा पुरावा लागतो. सहा महिन्यांच्या आतलं वीजबिल चालतं. घराचा गाडीला होणारा मोठा फायदा हाच. तरी परदेशात राहणाऱ्या मालकाची नोंदणी त्या पत्त्यावर होईल का, हे गाडीचा विसार देण्याआधी अधिकृत डीलरकडून लेखी घ्या. चार वर्षांवरच्या गाडीला दर दोन वर्षांनी तांत्रिक तपासणी असते. ती फेब्रुवारीत संपत असेल तर ऑगस्टमध्ये निघण्याआधीच उरकायची. चालवण्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा, मुदत एक वर्ष. आपल्याकडं एलएमव्हीवर (हलक्या गाडीच्या परवान्यावर) साडेसात टनांपर्यंत चालवता येतं म्हणून तिकडं मोठी गाडी घेऊ नका. तिथं बी वर्गाच्या (साध्या कारच्या) परवान्याची मर्यादा ३,५०० किलो. पाणी, सायकली आणि चार माणसं धरून वजनकाट्यावर चढवली की पुष्कळ गाड्या याच्या वर जातात.

आता बंद गोठ्यात नऊ महिने. छतावरचं सोलर पॅनल आत निरुपयोगी, त्यामुळं बॅटरी मरते. एकतर घरातून २३० व्होल्टची वायर आणून चार्जर लावायचा, नाहीतर बॅटरी पूर्ण भरून निगेटिव्ह काढून ठेवायचं. लिथियम बॅटरी असेल तर शून्याखाली तिला चार्जिंग देऊ नका, तिकडं थंडीत पारा शून्याच्या बराच खाली जातो. पाण्याची टाकी आणि बॉयलर रिकामे करायचे. ट्रुमा कंपनीच्या बॉयलरचा झडप-पुर्जा थंडी वाढली की बॉयलर आपोआप सोडतो, पण नळातलं आणि पंपातलं पाणी सोडत नाही. म्हणून सगळे नळ गरम-थंडाच्या मधोमध उघडे ठेवायचे, शॉवर खाली सोडायचा. पंप फुटतो तो याच चुकीनं. डिझेल उन्हाळ्यातलं भरून ठेवलं तर थंडीत मेणासारखं गोठतं. जूनमध्ये गाडी काढणाऱ्याला त्याची झळ नाही, फेब्रुवारीत काढणाऱ्याला आहे. उंदीर मात्र सगळ्यांनाच. जुन्या वैरणीचा एक भारा माळ्यावर राहिला तरी ते येतात आणि सीटखालच्या वायरी कुरतडतात, तेव्हा माळा आधी रिकामा करून घ्या. गॅसच्या टाक्या बाहेर.

वर्षाचा खर्च साधारण असा: जमीनकर तीनशे ते सहाशे युरो, दुय्यम घराचा निवासकर दोनशे ते चारशे, विमा, वीज आणि पाण्याचा ठोक आकार मिळून आणखी चारेकशे. हजार युरोच्या आत सहसा भागत नाही. शिवाय घर कोण वापरतंय हे कर खात्याच्या साइटवर नोंदवायचं असतं, चुकलं तर दीडशे युरो दंड. याउलट तिकडच्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये किंवा कुंपणाच्या आवारात गाडी ठेवायला महिना तीस ते साठ युरो पडतात. म्हणजे फक्त गाडी ठेवण्यासाठी घर घेणं हा तोट्याचा धंदा आहे. घरात स्वतः महिनाभर राहणार असाल, पत्त्याची गरज असेल, छपराची डागडुजी करायची हौस आणि ऐपत असेल, तरच घ्या.

बाकी देश थोडक्यात. इटलीची एक युरोची घरं डोंगरमाथ्यावरच्या जुन्या गल्ल्यांत असतात. तिथं मोटरहोम नव्हे, रिक्षासुद्धा जपून न्यावी लागेल, आणि ठरावीक मुदतीत दुरुस्तीची अट असते. बल्गेरियात युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला इमारत घेता येते, पण जमीन स्वतःच्या नावानं नाही. त्यासाठी कंपनी काढली की भारताच्या नियमांत ती परदेशी कंपनीतली गुंतवणूक ठरते आणि वेगळे फॉर्म लागतात. शिवाय जानेवारी २०२५ पासून तो देश जमिनीच्या सीमेवरही शेंगेनमध्ये आला, तेव्हा तिथं राहून ९० दिवस वाचवायची जुनी युक्ती संपली. पोर्तुगालमध्ये ‘रस्टिक’ (शेती-रानाची) जमीन स्वस्त दिसते, पण राखीव शेती किंवा पर्यावरण क्षेत्रात असेल तर काही उभं करता येत नाही, लहान तुकड्यावर शेजाऱ्याचा अग्रहक्क असतो, आणि इमारतीभोवती पन्नास मीटर झाडोरा दरवर्षी ३० एप्रिलच्या आत साफ करावा लागतो. जूनमध्ये पोचणाऱ्या माणसासाठी तो कोण करणार?

क्रूझमधलंच बघायचं ठरवलं तर दलालाला पहिल्या मेलमध्ये किंमत विचारू नका. टेपचे तीन फोटो आणि मैलाटाकीचा अहवाल मागा. जो आठवड्यात दोन्ही पाठवेल त्याच्याशी पुढं बोला.